खेळाचा जोडा आणि मुलांची टाच



जून महिन्यात शाळा पुन्हा उघडली की पहिल्या पंधरा दिवसांत आमच्याकडे दोन प्रकारच्या चिठ्ठ्या येतात. एक, पुस्तके अजून मिळाली नाहीत अशी. आणि दुसरी, 'मुलाची टाच दुखत असल्याने त्यास खेळाच्या तासातून सूट द्यावी' अशी. पुस्तकांची व्यवस्था आठवडाभरात होते. टाचेची होत नाही. सूट महिनाभर लांबते, मग खो-खोच्या संघातले नाव जाते, आणि दिवाळीपर्यंत ते मूल मैदानाच्या कडेला इतरांची दप्तरे सांभाळत बसलेले दिसते. मुलांचा खेळ सुटला की आपण सगळे अभ्यासाचे ओझे, कोचिंग आणि मोबाइल यांना दोष देतो. त्यांचा दोष आहेच. पण आमचे क्रीडाशिक्षक सांगतात की बरीच मुले केवळ पाय दुखतो म्हणून खेळ सोडतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या दुखण्याला पायातला जोडा कारण असतो.

म्हणून या अंकात जोड्यांवरच लिहावे असे आम्ही ठरविले. प्राचार्यांनी जोड्यांवर लेख लिहावा हे काहींना गमतीचे वाटेल. वाटू द्या.

आधी एक शब्दाची गोष्ट. आपल्या इंदूरच्या मराठी घरांतली मुले 'टाच दुखते' असे क्वचितच म्हणतात, ती म्हणतात, "बाई, एडी दुखतेय." आमचेही शिक्षण हिंदीतून झाले, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगे वाटत नाही. पण मूल 'पाय दुखतो' एवढेच म्हणाले तर त्याला नेमकी जागा बोटाने दाखवायला सांगावे. टाच, म्हणजे एडी, चवडा, म्हणजे बोटांच्या मागचा तो मांसल भाग ज्यावर उडी मारताना भार येतो, मधली कमान, आणि घोटा. दुखण्याची जागा कळली की निम्मे कारण कळते. अंगठ्याचे नख काळे पडले असेल तर बहुधा जोडा लांबीला अपुरा किंवा इतका सैल आहे की पाय आत पुढे सरकतो. करंगळीवर फोड आला तर रुंदी कमी. टाचेच्या मागच्या कातडीवर फोड आला तर मागची बाजू सैल. आणि टाच आतून दुखत असेल तर पुढचा भाग नीट वाचावा.

आपल्या एका पायात 26 हाडे असतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोर त्या पायावर येतो. म्हणजे पस्तीस किलोचा मुलगा धावतो तेव्हा एकेका पावलाला सत्तर ते शंभर किलोचा धक्का बसतो. मोठ्या माणसाचे टाचेचे हाड पूर्ण वाढलेले असते. मुलांचे तसे नसते. साधारण आठव्या वर्षापासून चौदा-पंधरा वर्षांपर्यंत टाचेच्या हाडाचा मागचा तुकडा वेगळा वाढत असतो आणि मुख्य हाडाशी तो कूर्चेने, म्हणजे मऊ हाडाने, जोडलेला असतो. पोटरीचा स्नायू घोट्यामागच्या त्या जाड दोरीसारख्या शिरेने नेमका याच तुकड्याला बांधलेला असतो. मूल धावले, उडी मारली, की पोटरी त्याला वर ओढते आणि जमीन खालून ठोकते. त्यातच वाढीचे वय. हाडे भराभर लांब होतात, पोटरीचे स्नायू मागे राहतात आणि ताण आणखी वाढतो. त्यामुळे ती जागा दुखू लागते. अमेरिकेतील डॉक्टर जेम्स सीव्हर यांनी 1912 साली या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर मंडळी आजही त्याला सीव्हरचे नाव देतात. नाव ऐकून घाबरू नये. हा काही रोग नाही. हाड पूर्ण जुळले की दुखणे आपोआप जाते आणि मागे काही दोष राहत नाही.

मग काळजी कशाची? काळजी याची, की या दुखण्यातून जाणारे मूल घरी 'नाटक करतो' आणि शाळेत 'आळशी' ठरते. सकाळी ते नीट चालते, खेळाच्या तासानंतर लंगडते, संध्याकाळी सायकलवर पुन्हा मित्राकडे जाते. मोठ्यांना वाटते, सोंग आहे. सोंग नसते. टाच दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत हलकेच दाबून पाहावी. मूल 'आई गं' म्हणाले तर समजावे की दुखणे खरे आहे. अशा मुलाचा खेळ पूर्ण बंद करण्याची बहुधा गरज नसते. थोडे दिवस उड्या आणि वेगाचे धावणे कमी करावे, खेळानंतर दहा-पंधरा मिनिटे फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. भिंतीला दोन्ही हात टेकून एक पाय मागे घ्यावा, गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणावी. तीस-तीस सेकंद, रोज दोन-तीन वेळा. आणि जोडा तपासावा. टाचेखाली पुरेशी मऊ आणि मागे घट्ट आधार देणारी रचना असेल तर टाचेवरचा धक्का कमी होतो. सपाट, पातळ तळाच्या कॅनव्हासमध्ये किंवा मुलींच्या बेलीमध्ये तो थेट हाडापर्यंत जातो.

मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलाचे असेच झाले. वडिलांनी हौसेने महागडा धावण्याचा जोडा आणला होता, पण पुढची दोन वर्षे चालावा म्हणून दोन नंबर मोठा. मुलगा पुढच्या पोकळीत कापूस कोंबून तो घालत होता. जोडा जिथे वाकायला हवा तिथे वाकत नव्हता, टाच आत वर-खाली होत होती, आणि पडू नये म्हणून मुलगा बोटे आवळून धावत होता. क्रीडाशिक्षकांनी वडिलांना बोलावून समजाविले. त्यानंतर आलेला जोडा किमतीने आधीच्या निम्म्याहूनही कमी होता, पण मापाचा होता. पोटरी ताणण्याचा व्यायाम आणि थोडी विश्रांती यांसह सहा आठवड्यांत मुलगा पुन्हा रिलेत धावला. एकट्या जोड्यामुळे हे झाले असे आम्ही म्हणणार नाही, परंतु जुन्या जोड्यात ते झाले नसते एवढे नक्की.

माप घरीच घ्यावे

दुकानात 'याला काय नंबर येतो?' असे विचारल्यावर आपण मागच्या वर्षीचा नंबर सांगतो किंवा अंदाजाने एक वाढवून सांगतो. मुलाचा पाय मागच्या वर्षीचा नसतो. प्राथमिकच्या मुलांचा पाय चार ते सहा महिन्यांत अर्ध्या नंबरापर्यंत, कधी त्याहूनही जास्त वाढतो. मुलींचा पाय साधारण बारा-तेरा आणि मुलांचा चौदा-पंधरा-सोळा वर्षांपर्यंत वाढत राहतो, आणि मध्ये काही महिने असे येतात की जोडा दिवाळीला घेतला आणि होळीला आखूड झाला.

माप घेणे सोपे आहे. संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि खेळतानाही तो तसाच सुजतो. भिंतीला लावून जमिनीवर कोरा कागद ठेवावा. खेळताना घालायचे तेच मोजे घालून मुलाने त्यावर उभे राहावे, टाच भिंतीला टेकलेली, भार दोन्ही पायांवर सारखा. बसून माप घेऊ नये. उभे राहिल्यावर पाय लांब आणि रुंद होतो. सर्वांत लांब बोट जिथे संपते तिथे पेन्सिल उभी धरून खूण करावी. लांब बोट म्हणजे अंगठाच असे नाही, कित्येकांचे दुसरे बोट लांब असते. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच अगदी सारखे असतात, आणि मोठ्या पायाचे माप धरावे. चवड्याची सर्वांत रुंद जागाही मोजून ठेवावी. मग हा कागदच दुकानात घेऊन जावा. जोड्यातला सुखतळा, म्हणजे आतली गादी, बहुतेक खेळाच्या जोड्यांत बाहेर काढता येते. ती काढून मुलाला तिच्यावर उभे करावे. बोटांच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर जागा उरावी आणि पाय बाजूंनी गादीच्या बाहेर सांडू नये. वरून अंगठा दाबून पाहण्यापेक्षा हे चांगले, कारण वरून दाबले की मूल बोटे मागे ओढून घेते आणि आपली फसगत होते.

आता नंबराचा थोडा हिशेब. आपल्याकडे चालणाऱ्या इंग्लिश नंबरात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटर. युरोपी नंबरात तो पाऊण सेंटिमीटरपेक्षाही कमी. वाढीसाठी ठेवायची ती एक सेंटिमीटर जागा एवढ्यातच येते. त्यावर 'आणखी एक असू द्या' म्हटले की जोडा पायात राहत नाही, पाय जोड्यात भटकतो. शिवाय एका कंपनीचा चार आणि दुसऱ्या कंपनीचा चार सारखा नसतो, म्हणून नंबर फक्त कोणता खोका काढायचा ते सांगतो. खरे काय ते पाय घालूनच कळते.

रुंदीकडे मात्र जवळपास कोणीच पाहत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभर एक लाखाहून अधिक लोकांचे पाय यंत्राने मोजले. त्यात दिसले की भारतीय पाय युरोपी किंवा अमेरिकी पायांपेक्षा सामान्यतः रुंद आहेत. परदेशी साच्यावर बनलेला जोडा म्हणूनच लांबीला बरोबर असूनही करंगळीशी आवळतो. मग आपण काय करतो, लांब जोडा घेतो! रुंदी मिळते, पण जोड्याचे वाकण पायाच्या वाकणाशी जुळत नाही. त्यापेक्षा त्याच नंबराचा दुसऱ्या कंपनीचा किंवा रुंद साच्याचा जोडा मागावा. राजवाड्याच्या आसपास दुकाने कमी नाहीत.

याच बाबतीत स्वप्ना बर्मन यांची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पश्चिम बंगालमधील जलपायगुडीच्या या खेळाडूच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे आहेत. बाजारातला कोणताही जोडा पुढून दाबायचा. सराव दुखण्यातच चालायचा. तरीही 2018 च्या जकार्ता येथील आशियाई खेळांत हेप्टॅथलॉनचे, म्हणजे सात प्रकारांच्या स्पर्धेचे, सुवर्णपदक त्यांनी जिंकले. असे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आणि जिंकल्यावर त्यांनी मागितले काय, तर आपल्या पायाच्या मापाचे जोडे. पुढे तसे जोडे त्यांच्यासाठी बनविण्यात आले. ही गोष्ट सांगताना 'बघ, ती दुखत असतानाही खेळली' एवढेच सांगून थांबू नये. जोड्यांची मागणीही सांगावी.

दुकानात तीन गोष्टी कराव्यात

जोडा हातात घेऊन टोक आणि टाच धरून वाकवावा. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, जिथे आपला पाय वाकतो. मधोमध दुमडला तर परत ठेवावा. मग ओला टॉवेल पिळतो तसा पिळून पाहावा. थोडा विरोध जाणवायला हवा. शेवटी टाचेच्या मागची भिंत दोन बोटांत दाबावी. ती कागदासारखी चेपली तर टाचेला आधार मिळणार नाही. एवढ्याला अर्धा मिनिट लागतो आणि दुकानदार रागावत नाही. रागावला तर दुकान बदलावे.

त्यानंतर दोन्ही पायांत घालून, नाड्या बांधून, मुलाला दुकानात चालवावे, जमले तर बाहेर फुटपाथवर दहा पावले पळवावे. आपले दुकानदार एक वाक्य फार गोड बोलतात: "पहनते-पहनते खुल जाएगा।" चामड्याच्या जोड्याला हे काही प्रमाणात लागू असेल. खेळाचा जोडा पहिल्या मिनिटाला जिथे चावतो तिथेच पुढेही चावतो. मुलालाच विचारावे, आणि विचारताना 'बरोबर आहे ना?' असे विचारू नये, कारण रंग आवडला असेल तर ते हो म्हणणार. 'कुठे लागते ते दाखव' असे विचारावे.

नाड्यांबद्दलही सांगितले पाहिजे. अर्धी मुले नाडी एकदाच बांधतात, मग वर्षभर जोडा तसाच ओढून घालतात आणि टाचेने टाच दाबून काढतात. यात मागची भिंत मोडते आणि चांगला जोडाही महिनाभरात चपलेसारखा होतो. नाडीसाठी घोट्याजवळ शेवटचे एक जास्तीचे भोक असते, ते शोभेसाठी नाही. नाडी त्यातून घेतली की टाच आत घट्ट बसते आणि पाय पुढे सरकत नाही. पाचवीपासूनच्या प्रत्येक मुलाला नाडी स्वतः बांधता आली पाहिजे. आमचा अनुभव असा की चिकटपट्टीच्या जोड्यांमुळे आठवीतल्या काही मुलांनाही ती नीट येत नाही.

खेळ कोणता, जोडा कोणता

सगळ्या खेळांना एकच जोडा हे आपल्याकडचे वास्तव आहे आणि त्याला आमची हरकत नाही. दर खेळाला वेगळा जोडा घेणे कोणाला परवडणार? पण मूल कोणता खेळ सर्वांत जास्त खेळते, ते पाहून तो एक जोडा निवडता येतो. धावण्याच्या जोड्याची टाच उंच आणि मऊ असते, कारण धावणारा सरळ पुढे जातो. त्याच जोड्यात खो-खो, कबड्डी किंवा बॅडमिंटन खेळले की बाजूला वळताना ती उंच मऊ टाच कलंडते आणि घोटा मुरगळतो. या खेळांना सपाट, जमिनीजवळचा, बाजूंना घट्ट आणि गमच्या तळाचा जोडा हवा. खो-खो तर आता मातीतून मॅटवर गेला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, तोही मॅटवरच. ज्या मुलामुलींना पुढे जिल्हा आणि राज्य पातळीवर जायचे आहे त्यांनी जोड्यांत खेळण्याची सवय आताच करावी. ऐन स्पर्धेच्या दिवशी नवा जोडा पायात चढवणे म्हणजे फोडांना निमंत्रण. नवा जोडा आधी आठवडाभर घरात आणि हलक्या सरावाला वापरावा.

फुटबॉलचे मोठ्या खिळ्यांचे जोडे मऊ हिरवळीसाठी असतात. आपली माळव्याची काळी माती पावसात चिखल आणि उन्हाळ्यात दगड. त्या दगडावर लांब खिळे रुतत नाहीत. ते उलट तळव्यालाच खालून टोचतात आणि टाचेचे दुखणे वाढवतात. आखूड, पुष्कळ रबरी गुटके असलेला जोडा आपल्या मैदानांना बरा. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजीलाही शालेय वयात रबरी तळाचाच जोडा पुरे, मात्र टाचेखाली गादी चांगली हवी, कारण चेंडू टाकताना पुढच्या पायावर फार जोर येतो. मल्लखांबाचा प्रश्नच नाही. तो आपल्या मध्य प्रदेशाचा 2013 पासून राज्यखेळ आहे आणि तो अनवाणीच करायचा.

इथे आजोबा मंडळी म्हणतील, आम्ही तर सगळेच अनवाणी खेळलो, आमचे पाय कुठे दुखले? त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकले. मिळालेला जोडा पायाला नीट बसेना, आणि अनवाणी धावण्याची सवय होतीच. चार वर्षांनी टोकियोत ते पुन्हा जिंकले, तेव्हा जोडे घालून. दोन भारतीय डॉक्टरांनी 2300 मुलांचे पाय तपासून 1992 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की जोडे घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण 8.6 टक्के होते आणि अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8 टक्के. म्हणून घरात, अंगणात, गच्चीवर, स्वच्छ हिरवळीवर मुलांना खुशाल अनवाणी खेळू द्यावे. पायाचे छोटे स्नायू त्याने बळकट होतात. पण आजोबांच्या मैदानात माती होती. आजच्या मैदानात सिमेंट, फरशी, काचा आणि खिळे आहेत, आणि दिवसभर जोड्यांत राहिलेला मऊ तळवा एका तासासाठी एकदम त्यावर सोडता येत नाही.

सपाट तळव्याचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगतो: लहान मुलांचे तळवे सपाट असणे साधारण गोष्ट आहे, कमान हळूहळू तयार होते. मूल चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल आणि पाय दुखत नसेल तर महागड्या कमानीच्या गाद्या विकत घेण्याचे कारण नाही. दुकानात कोणी यंत्रावर पाय ठेवून लाल-पिवळे चित्र दाखविले तरीही नाही.

मोठ्या भावाचा जोडा धाकट्याला देण्याची पद्धत आपल्या सगळ्या घरांत आहे. कपडे द्यावेत, पुस्तके द्यावीत. जोड्याचे मात्र पाहून ठरवावे. वर्षभर घातलेल्या जोड्याची गादी पहिल्या पायाच्या ठशात दबलेली असते आणि टाच एका बाजूने झिजलेली असते. दुसऱ्याच्या पायाला तो तिरके उभे राहायला लावतो. जोडा टेबलावर ठेवून मागून पाहावा. टाच एका अंगाला कललेली दिसली, तळाची नक्षी गुळगुळीत झाली असली, तर तो खेळासाठी संपला, बाजारहाटाला वापरावा. सरळ उभा राहिला तर खुशाल द्यावा. वाढत्या मुलांचे जोडे झिजण्याआधीच आखूड होतात, म्हणून असे पुष्कळ चांगले जोडे घरात पडून असतात. त्यांच्यासाठी आम्ही क्रीडाकक्षात एक कपाट ठेवले आहे. ज्यांना लहान झाले त्यांनी धुऊन, वाळवून, नंबराची चिठ्ठी लावून तिथे ठेवावेत. ज्यांना हवे त्यांनी क्रीडाशिक्षकांना सांगून न्यावेत. कोणी नेले याची नोंद ठेवली जात नाही. खेळाच्या तासाला जोडा पांढराच हवा अशी सक्तीही नाही. मापाचा असला की पुरे.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. ओला जोडा रोज घातला की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि कातडी मऊ पडून फोड येतात. नाड्या सैल करून, गादी बाहेर काढून, आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवावा. गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये, गोंद सुटतो आणि तळ उघडतो. मोजे रोज धुतलेले हवेत. जाड सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून खेळासाठी सूत आणि नायलॉन मिश्रणाचे, टाचेला बरोबर बसणारे मोजे बरे.

पालकांचीही टाच दुखते, हे आम्हाला पालकसभेत जिना चढताना दिसते. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावले कळ येते आणि चालल्यावर कमी होते, हे बहुधा तळव्याखालच्या पट्ट्याचे दुखणे; मुलांच्या दुखण्यापेक्षा वेगळे. एक्स-रेमध्ये हाड वाढलेले दिसले म्हणून घाबरू नये, तसे हाड असूनही पुष्कळांना काही त्रास नसतो. घरात फरशीवर मऊ चप्पल, पोटरी आणि तळवा ताणणे, आणि मेघदूतला फिरायला जाताना झिजलेली चप्पल सोडून टाचेला आधार देणारा जोडा, एवढ्याने बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो.

जोड्याने सगळेच बरे होत नाही. मूल झोपेतून दुखण्याने उठत असेल, टाच किंवा घोटा सुजून लाल झाला असेल, ताप असेल, पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, किंवा विश्रांती आणि योग्य जोडा असूनही दोन-तीन आठवडे लंगडत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. तेल लावून, चोळून, वाट पाहत बसू नये. आणि आम्हाला चिठ्ठी पाठवताना 'सूट द्यावी' एवढेच न लिहिता कुठे दुखते, केव्हापासून, आणि खेळल्यावर वाढते का, हे तीन शब्दांत लिहावे. क्रीडाशिक्षक त्याप्रमाणे मुलाला वेगळा व्यायाम देतात आणि मूल मैदानातच राहते.

यंदापासून वर्षातून दोनदा, जुलैच्या आणि जानेवारीच्या पहिल्या शनिवारी, इयत्ता तिसरी ते दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांच्या पायांचे माप क्रीडाकक्षात घेतले जाईल आणि ते डायरीत लिहून घरी पाठविले जाईल. त्या दिवशी मुलांनी खेळताना घालायचे मोजे घालून यावे आणि सध्याचा खेळाचा जोडा, कसाही असला तरी, सोबत आणावा.